सरांचा सेट कोणी बिघडवला

माझ्या नणंदेला आमच्या भागात सगळे स्पीकरबाई म्हणतात. मी त्यांना वन्सं म्हणते आणि त्या मला वहिनी. लग्नाला छत्तीस वर्षं झाली तरी यात बदल झालेला नाही, कारण एकमेकींना कसं चिडवायचं ते आम्हा दोघींनाही या नात्यातूनच चांगलं जमतं.

वन्संनी तेवीस वर्षं एका कारखान्यात कॉइल गुंडाळायचं काम केलं. केसासारखी बारीक तांब्याची तार, हजार-हजार वेढे, आणि एकही वेढा दुसऱ्यावर चढता कामा नये. कारखाना बंद पडला तेव्हा बरोबरीच्या बायका रडत घरी गेल्या. वन्संनी मात्र भंगारात निघालेलं गुंडाळायचं एक छोटं यंत्र मागून घेतलं, रिक्षात घातलं आणि पुढच्या खोलीत खिडकीखाली आणून ठेवलं. जळलेल्या स्पीकरची कॉइल नव्यानं गुंडाळून देणारं माणूस आसपास कुणी नव्हतं. वर्षभरात लोक त्यांचं घर विचारत यायला लागले. पुढे अॅम्प्लिफायर, टेपरेकॉर्डर, रेकॉर्ड प्लेयर, सगळंच त्यांच्या टेबलावर येऊ लागलं.

लग्न त्यांनीही केलं होतं. चार वर्षांनी त्या परत आल्या. का आलीस, असं घरातल्या थोरामोठ्यांनी खोदून खोदून विचारलं. वन्सं म्हणाल्या, "लूज कॉन्टॅक्ट होता त्या माणसाचा. हलवलं की चालायचा."

खोलीतल्या फळीवर बिस्किटांचा एक मोठा डबा आहे. त्यात जळलेल्या कॉइल ठेवलेल्या असतात आणि प्रत्येकीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली असते. 'मेव्हण्याचा वाढदिवस.' 'परीक्षा संपली.' 'नवरा गावाला गेला होता.' सेट घेऊन येणारा प्रत्येक माणूस आधी एकच वाक्य बोलतो: "काही केलं नाही हो, आपोआप बंद पडला." वन्सं मान हलवतात, स्पीकर उघडतात, आणि थोड्या वेळानं विचारतात, "पाहुणे किती होते?"

तर या वन्संना मी एकदा सरांच्या घरी घेऊन गेले, त्याची ही गोष्ट.

सर म्हणजे आमच्या कॉलेजचे प्राचार्य. मी तिथे ग्रंथपाल होते. सरांचा दरारा असा की ते वऱ्हांड्यातून येताना दिसले की शिकवणारे प्राध्यापकसुद्धा आवाज खाली आणत. ओरडायचे कधीच नाहीत. फक्त तर्जनी वर करायचे, आणि तीनशे मुलं चिडीचूप. निवृत्तीनंतर त्यांना एकच नाद उरला होता, तो गाण्यांचा. तीन कपाटं भरून रेकॉर्डी, जुना दणकट अॅम्प्लिफायर, आणि कमरेएवढे उंच दोन स्पीकर. सकाळी फिरून आलं की अकरा ते एक ते आपल्या खुर्चीत बसायचे आणि त्या वेळात घरात कुणी चमचासुद्धा वाजवायचा नाही.

एके दिवशी त्यांचा फोन आला. "सेट बंद पडला आहे. दुकानातला माणूस येऊन गेला. उभ्या उभ्या पाहिलं आणि म्हणाला, अॅम्प्लिफायर जळला, नवीन घ्या. मला ते पटलेलं नाही. तुमची नणंद या कामातली आहे असं ऐकतो."

"आहे सर. आणते."

"आणि तुम्ही जरा मोठ्यानं बोलत जा फोनवर. हल्लीचे फोन अगदी फालतू असतात."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. दार सरांच्या पत्नीनं उघडलं. कॉलेजात आम्ही सगळे त्यांना पाठीमागे बाईसाहेब म्हणायचो, आणि ते इतकं अंगवळणी पडलं होतं की पुढे तोंडावरही तेच म्हणायला लागलो. आत मुलगा आणि सून होते. दोघांनी त्या दिवशी रजा घेतली होती. सेट दुरुस्तीला माणूस येणार म्हणून दोघांनी रजा घ्यावी, याचं मला तेव्हा नवल वाटलं.

सर सेटजवळ उभे राहून म्हणाले, "एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. या सेटला माझ्याशिवाय कुणीही हात लावत नाही."

बाईसाहेबांनी खिडकीकडे पाहिलं. मुलानं पंख्याकडे पाहिलं. सून चहा ठेवायला गेली. वन्संनी तिघांकडे पाहिलं, चष्मा नाकावर चढवला आणि गोड आवाजात म्हणाल्या, "हो, ते दिसतंच आहे. त्रास काय देतोय?"

"आवाज वाढवला की टक् असा आवाज होतो आणि उजवी बाजू बंद पडते. थोड्या वेळानं परत सुरू होते. बाकी उत्तम."

"बाकी आवाज स्वच्छ येतो?"

"अगदी स्वच्छ."

स्वयंपाकघराच्या दारातून सून म्हणाली, "बाबा, स्वच्छ कुठे? गादीखालून कुणी गातंय असं वाटतं."

"तुझा तो फोनवर ऐकायचा कान आहे," सर म्हणाले.

वन्संनी हे दोन्ही ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सर, या सेटचे मूळ कागद आहेत का? सर्किटचा नकाशा वगैरे?"

"एकोणचाळीस वर्षांपूर्वीची पावतीसुद्धा आहे," सर म्हणाले. "वरच्या खोलीत फायली आहेत. विषयवार लावलेल्या आहेत, पण शोधायला अर्धा तास लागेल."

"सावकाश शोधा," वन्सं म्हणाल्या. सर जिन्यानं वर गेले. मला माहीत होतं, वन्संना तो नकाशा अजिबात नको होता. असल्या अॅम्प्लिफायरच्या आतलं सगळं त्यांना तोंडपाठ होतं.

त्यांनी पिशवीतून टॉर्च काढला, जमिनीवर बसल्या आणि सेटच्या मागे डोकं घातलं. मुलगा आणि बाईसाहेब आत निघून गेले. मी एका स्टुलावर बसले.

पाच मिनिटांत मुलगा एकटाच परत आला. माझ्याकडे पाहिलं, घसा साफ केला, आणि वन्संच्या पाठीला उद्देशून हळूच म्हणाला, "मावशी, बाबांना सांगणार नसाल तर एक सांगतो. दोन महिन्यांपूर्वी माझा चार्जर कपाटामागे पडला होता. तो काढायला मी हे सगळं पुढे ओढलं. वायरी निघाल्या. परत लावल्या, पण घाईत. बाबा फिरून यायची वेळ झाली होती."

"लाल ती लालला लावलीत?"

"हो, बहुतेक."

"बरं. जा तुम्ही."

तो गेला, आणि दाराआड नंबर लावून उभ्या असल्यासारख्या बाईसाहेब आल्या. त्यांनी डाव्या स्पीकरवरचं जाळीचं कापड स्वतःच काढून दाखवलं. मोठ्या स्पीकरच्या मधोमध जो घुमटासारखा फुगवटा असतो तो आत चेपला गेला होता. "धूळ पुसताना अंगठा लागला," बाईसाहेब म्हणाल्या. "बाहेर काढायला चिकटपट्टी लावून पाहिली. मग धूळ खेचायचं मशीन लावलं. त्यानं अर्धा बाहेर आला आणि परत गेला. तेव्हापासून मी हे कापड कुणाला काढू देत नाही. माझ्यामुळेच बिघडला ना सगळा?"

"मशीन कितीवर लावलं होतंत?"

"फुल."

वन्संनी ओठ घट्ट मिटून घेतले. हसू दाबताना त्या तशाच करतात. "बघते," त्या म्हणाल्या.

सून आली ती चहाचे कप घेऊन. कप ठेवले आणि तिथेच खाली बसली. "मावशी, माझं ऐका. बाबा सकाळी फिरायला गेले की मी आणि आई दिवाणखान्यात व्यायाम करतो. गाणी लावून. माझा फोन याला जोडते. नाचतोच म्हणा ना. एकदा फट् असा आवाज आला होता. त्यानंतरच गादीखालून आवाज यायला लागला."

"आवाज कितीवर ठेवता?"

"बाबांच्या खुणेच्या निम्म्यावर. त्याच्यापुढे शेजारी भांडायला येतील. आणि नंतर नॉब अगदी खुणेवर आणून ठेवते, नाहीतर त्यांना कळतं."

"कसली खूण?"

सुनेनं दाखवली. आवाजाच्या नॉबभोवती पत्र्यावर पेन्सिलीनं एक बारीक रेघ होती. सरांनी आपला रोजचा आवाज ठरवून घेतला होता आणि तो खुणेनं नक्की केला होता, अगदी सरांच्या स्वभावाला शोभेल असं. वन्संनी टॉर्च तिरका धरला. त्या रेघेच्या डावीकडे आणखी चार रेघा होत्या, खोडरबरानं पुसलेल्या, पण पुरत्या न गेलेल्या. पहिली बरीच मागे, दुसरी थोडी पुढे, तिसरी आणखी पुढे. पाचवी, आताची, नॉब संपायच्या जरा अलीकडे. शेजारचा, बारीक, तीक्ष्ण स्वर वाढवायचा नॉब उजवीकडे फिरवून पार टोकाला लावलेला होता.

"जा बाळ," वन्सं सुनेला म्हणाल्या. "तू काही बिघडवलेलं नाहीस. व्यायाम चालू ठेव."

ती गेल्यावर त्यांनी मला खुणावलं. अॅम्प्लिफायरच्या मागे, जिथे उजव्या स्पीकरची वायर खोचली होती, तिथे तांब्याचा एक तंतू बाहेर राहून लाल टोकावरून काळ्या टोकाला टेकत होता. टॉर्चच्या उजेडात तो चमकला. "ही मुलाची करामत," त्या कुजबुजल्या. "आवाज वाढला की वायर थरथरते, तंतू चिकटतो, आणि मशीन शहाणं असल्यामुळे स्वतःला वाचवायला ती बाजू बंद करतं. दुकानवाल्यानं मागे वाकून पाहिलं असतं तर नवीन मशीन खपवायची वेळ आली नसती. की त्यानं पाहिलं म्हणून खपवत होता, कुणास ठाऊक."

त्यांनी वायर काढली, तंतू पीळ देऊन एकत्र केले, परत लावली. मग पिशवीतून साधा पेन्सिल सेल काढला. मोठ्या स्पीकरच्या तारांना तो क्षणभर टेकवला, तर खर्र झालं आणि स्पीकरचा कागदी पडदा पुढे सरकला. "हा जिवंत. चेपलेला फुगवटा दिसायला वाईट, आवाजाला काही नाही." मग वरच्या लहान स्पीकरला, ज्याला ट्वीटर म्हणतात आणि ज्यातून बारीक, तीक्ष्ण स्वर येतात, त्याला सेल टेकवला. काहीच नाही. दुसऱ्या बाजूचा ट्वीटर, तोही गप्प. मीटर लावून पाहिलं. दोन्हींच्या कॉइल तुटलेल्या.

"दोन एकदम जळत नाहीत, वहिनी. जाळावे लागतात," वन्सं म्हणाल्या. "मशीनला झेपेल त्याच्यापुढे आवाज नेला की सूर वरून कापले जातात, आणि त्याची सगळी आग या चिमुकल्यांवर येते. रोज दोन तास. महिनोन् महिने."

"म्हणजे सर?"

"सर. आणि ट्वीटर मेलेत हे घरात सगळ्यांना ऐकू येतंय, सरांना सोडून."

मला त्या फोनची आठवण झाली. मोठ्यानं बोलत जा, म्हणाले होते.

तेवढ्यात सर फाईल घेऊन खाली आले. वन्संनी नकाशा मन लावून पाहिल्यासारखा पाहिला, एकदा "वा" म्हणाल्या, आणि दोन ट्वीटर पिशवीत घातले. "चार दिवसांनी येते. बाकीचं झालंय. पण जोडल्यावर चाचणी घ्यावी लागेल, आणि ती सगळ्यांसमोर. घरातले सगळे हवेत."

परत येताना मी म्हटलं, "सरळ सांगून टाका ना त्यांना."

"सरळ सांगितलं तर काय म्हणतील?"

मी विचार केला. "म्हणतील, मला ते पटलेलं नाही."

"मग?"

चार दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. वन्संनी कॉइल गुंडाळून आणल्या होत्या. ट्वीटर बसवले, बाईसाहेबांच्या फुगवट्यालाही आतून डिंकाचा ठिपका देऊन सरळ करून टाकलं, आणि पिशवीतून पावाच्या तुकड्याएवढी एक डबी काढली. ती त्यांनीच बनवलेली होती; वायरीनं ती सेटला जोडली. तिच्यावर एकच नॉब होता. फिरवला की एकसारखा सूर निघायचा, खर्जापासून पार वर, कुत्र्यांनाच ऐकू येईल इथपर्यंत.

"सूर सुरू झाला की सगळ्यांनी हात वर करायचा," त्या म्हणाल्या. "ऐकू यायचा थांबला की खाली. सर, तुम्हीही. आणि कुणी कुणाकडे बघायचं नाही. म्हणजे स्पीकर कुठवर नीट चालतोय ते मला कळेल."

सर खुर्चीत ताठ बसले. मुलगा, सून, बाईसाहेब, मी, सगळ्यांनी हात वर केले. परीक्षेत उत्तर येत असल्यासारखे. सूर भरदार होता, मग सडपातळ झाला, मग सुईसारखा. सरांनी हात खाली घेतला, शांतपणे, उत्तर लिहून झालेल्या माणसासारखा. मांडीवर ठेवला.

सूर अजून चढत होता. माझ्या दातांत शिरत होता. सुनेनं एक कान दाबून धरला, पण दुसरा हात वरच.

कुणी कुणाकडे बघायचं नाही असं ठरलं होतं. पण सरांनी चाळीस वर्षं वर्गात हात मोजलेले. त्यांची नजर सवयीनंच फिरली. आधी पत्नीकडे, मग मुलाकडे, मग सुनेकडे, मग माझ्याकडे. त्यांनी चार हात मोजले.

"अजून वाजतंय?" त्यांनी विचारलं.

बाईसाहेबांनी हात अर्धवट खाली घेतला आणि परत वर केला. वन्संनी डबी बंद केली. आम्ही चौघांनी एकदम हात खाली घेतले, आणि तेच उत्तर झालं.

सरांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "कधीपासून?"

"ते मला नाही सांगता यायचं," वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज एरवीपेक्षा मऊ होता. "पण तुमच्या पेन्सिलीच्या खुणा पाच आहेत. दरवेळी पुढची करताना आधीची पुसलीत."

सर उठून सेटपाशी गेले. चष्मा काढून वाकून पाहिलं. एका रेघेवर बोट फिरवलं. "मला वाटलं, सेट जुना होत चाललाय."

"सेट ठणठणीत आहे."

"म्हणजे ते दोन मी जाळले."

"हो सर."

मला वाटलं आता ते तडक वर निघून जाणार. पण बाईसाहेबांना ते बघवेना. त्या एकदम म्हणाल्या, "अहो, डावीकडचा फुगवटा मी चेपला. अंगठ्यानं. नंतर मशीन लावलं."

"वायरी मी काढल्या होत्या बाबा," मुलगा म्हणाला. "टक् आवाज माझ्यामुळे."

"आणि आम्ही दोघी रोज सकाळी यावर गाणी लावून नाचतो," सून म्हणाली.

सरांनी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. चेहरा अगदी प्राचार्यांचा. मग तर्जनी वर केली.

"या सेटला माझ्याशिवाय ज्यांनी ज्यांनी हात लावला," ते म्हणाले, "त्यांनी आता हात वर करावेत."

तीन हात वर गेले. काय वाटलं कोण जाणे, मीही माझा वर केला. "सर, सेटला नाही, पण ग्रंथालयात माझ्या टेबलाच्या खणात एक छोटा रेडिओ असायचा. बारीक आवाजात."

"माहीत आहे," सर म्हणाले. "दारापर्यंत ऐकू यायचा. तेव्हा माझे कान शाबूत होते."

"मग बोलला नाहीत कधी?"

"गाणी बरी असायची."

आधी सून फसकन हसली, मग बाईसाहेब, मग मुलगा. सर हसले नाहीत, पण खुर्चीत बसताना त्यांनी पाठ टेकली. इतक्या वर्षांत त्यांना पाठ टेकून बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढच्या आठवड्यात बाईसाहेब त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. शेंगदाण्याएवढी दोन यंत्रं मिळाली, एकेका कानात एक. पहिले दोन दिवस सर त्यांच्यावर चिडून होते, वर्तमानपत्राचा आवाज होतो म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्यांनी रेकॉर्ड लावली, नॉब मागे, मागे, पहिल्या पुसट रेघेपर्यंत आणला, आणि बाईसाहेब सांगतात, अर्ध्यातच उठून स्वयंपाकघरात आले. म्हणाले, "ती गायच्या आधी श्वास घेते. मी विसरलोच होतो." आणि पुन्हा जाऊन बसले.

वन्संना वाटलं, काम झालं. तिथे मात्र त्या फसल्या. दर दोन दिवसांनी सरांचा फोन येऊ लागला. डाव्या स्पीकरमधून तांदूळ निवडल्यासारखा आवाज येतोय. ती रेकॉर्डवरची धूळ, सर. उजवीकडे कुणीतरी खोकतंय. ते गाणाऱ्याच्या मागे बसलेलं कुणी आहे सर, खोकून किती वर्षं झाली. वन्सं फोन ठेवून माझ्यावर डाफरायच्या: "यांना कान दिले ते काय फक्त मला छळायला दिले का?"

शेवटी एकदा त्यांना जावंच लागलं. सरांची तक्रार पक्की होती: गाणं थांबलं की खोलीत एक बारीक घुरघुर राहते, म्हणजे अॅम्प्लिफायरमध्ये काहीतरी बिघाड आहे. वन्संनी सेट बंद केला. घुरघुर चालूच. वायर भिंतीतून काढली. तरी चालूच. त्या शांतपणे उठल्या, सरांना हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि फ्रिजच्या दारावर हात ठेवायला सांगितला.

सरांनी हात ठेवला. काढला. परत ठेवला.

"हा असा रोज वाजतो?"

"रोज," बाईसाहेब म्हणाल्या.

"दिवसभर?"

"दिवसभर."

"आणि तुम्ही लोक सहन करता?"

बाईसाहेबांनी ओट्यावरचं फडकं झटकलं, नीट घडी करून बाजूला ठेवलं आणि त्यांच्याकडे पाहत म्हणाल्या, "एकदा माणूस घरात आलं की त्याच्या आवाजाची सवय होते हो." मग वन्संना म्हणाल्या, "चहा टाकते, बसा."

वन्सं बसल्या. त्या दिवशी त्यांनी भेटीचे पैसे घेतले नाहीत. डब्यात टाकलेल्या सरांच्या ट्वीटरच्या दोन जळक्या कॉइलींना मात्र चिठ्ठी बांधायची राहिली होती, ती घरी आल्यावर बांधली. काय लिहिलं ते मी विचारलं, तर म्हणाल्या, "सगळ्याच चिठ्ठ्या वाचायच्या नसतात, वहिनी."